कलम आठ शेवटपर्यंत वाचा

प्रति,
आरोग्य विमा कंपन्यांचे दावे विभाग,
तसेच त्यांच्या वतीनं फायली तपासणाऱ्या टीपीए या त्रयस्थ संस्थांमधले डॉक्टर व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

स्तनाच्या कर्करोगानंतर केलेल्या पुनर्रचनेच्या, म्हणजे काढलेला स्तन पुन्हा घडवण्याच्या, शस्त्रक्रियेचे दावे ‘कॉस्मेटिक’ असा शेरा मारून परत पाठवू नका, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे. दया मागत नाही. तुमच्याच पॉलिसीत जे छापलेलं आहे तेवढंच मागते आहे.

मी सांगलीची. नोकरी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली. तारण, जामीन, अटी-शर्ती वाचण्यातच उभा जन्म गेला म्हणा ना. त्यामुळे माझ्या अशाच शस्त्रक्रियेचा दावा नाकारल्याची मेल आली तेव्हा घरातले सगळे डोक्याला हात लावून बसले आणि मी कपाटातून पॉलिसीचं पुस्तक काढलं. कुठल्या कंपनीचं, ते इथे लिहीत नाही. पुढे ओळखीपाळखीतल्या काही जणींशी बोलले, तर कंपन्या वेगवेगळ्या आणि शेरा एकच निघाला.

सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, आरोग्य विम्यातल्या वगळण्यांची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी करून दिली. आता कुणाचीही पॉलिसी उघडा, वगळण्यांच्या यादीत ०८ क्रमांकाच्या कोडखाली (यालाच मी कलम आठ म्हणते) तेच वाक्य सापडतं. मराठीत त्याचा अर्थ असा होतो: कॉस्मेटिक किंवा प्लॅस्टिक सर्जरीचा आणि रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च मिळणार नाही; मात्र अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांच्यानंतरच्या पुनर्रचनेसाठी ती केली असेल, किंवा विमेदाराच्या आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करणाऱ्या आवश्यक उपचाराचा ती भाग असेल, तर मिळेल. वैद्यकीय गरज आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करायला हवं.

कर्करोगाचं नाव त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. नियामकानंच ते घालून दिलं आहे, आम्ही गनिमी काव्यानं घुसडलेलं नाही. तरी नकाराच्या पत्रात हे वाक्य उद्धृत करताना पहिला अर्धविराम आला की तुमचा टायपिस्ट थांबतो. माझ्या पत्रात तो थांबला होता. ‘कॉस्मेटिक किंवा प्लॅस्टिक सर्जरीचा खर्च देय नाही, कोड ०८’, आणि खाली सही-शिक्का. आमच्या बँकेत कुणी करारातलं कलम असं अर्धं तोडून कर्जदाराला नोटीस काढली असती, तर ऑडिटरनं त्याला उभा-आडवा घेतला असता.

नकाराच्या आधी क्वेरी आली होती. तीही सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. तीन गोष्टी मागितल्या होत्या. ही शस्त्रक्रिया केली नाही तर रुग्णाच्या जिवाला काय धोका आहे ते डॉक्टरांनी लिहून द्यावं. शस्त्रक्रियेपूर्वीचे फोटो पाठवावेत. आणि स्तन काढला तेव्हाच पुनर्रचना का केली नाही, याचा खुलासा करावा.

पहिली मागणी घ्या. ‘थेट आणि तातडीचा धोका’ ही अट अपवादातल्या दुसऱ्या ‘किंवा’च्या पलीकडे आहे. अपघात, भाजणं, कर्करोग हे अलीकडे आहेत. अलीकडच्याला पलीकडची अट लावायची नसते, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. शिवाय जिवाचा धोका हाच निकष धरायचा, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेल्या भिंगाचे पैसे तुम्ही का देता? गुडघ्याची वाटी बदलल्याचे का देता? मोतीबिंदूनं कुणी मेल्याचं ऐकलेलं नाही. तिथे तुम्ही माणसाला दिसावं, चालता यावं म्हणून पैसे देता आणि ते योग्यच आहे. माझ्या आईचे दोन्ही डोळे तसेच झाले, एक प्रश्न कुणी विचारला नाही.

दुसरी मागणी फोटोंची. हे लिहिताना अजून हात आखडतो. ऑपरेशनच्या आधी सर्जन फोटो काढतात; ते त्यांच्या कामाचे असतात आणि रुग्णाच्या संमतीनं रुग्णालयातच राहतात. तुमच्या मेलवर तो फोटो कुणाकडे जाणार होता? खाली नाव नव्हतं, हुद्दा नव्हता. होता एक सामाईक ईमेल पत्ता. आणि फोटोवरून ठरवायचं काय होतं? माझ्या मूळ ऑपरेशनचा दावा तुम्हीच मंजूर केला होता. हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, केमोची बिलं, सगळं तुमच्याच संगणकात, तुमच्याच दावा क्रमांकाखाली पडलेलं होतं. ज्या स्तनाच्या काढण्याचे पैसे तुम्ही मोजले, तो नाही हे सिद्ध करायला बाईनं फोटो द्यायचा. फोटो मी पाठवले नाहीत. पुष्कळ जणी पाठवतात, कारण नवरा म्हणतो, ‘जाऊ दे, पैसे अडकलेत.’

तिसऱ्या मागणीसाठी मात्र थोडं सविस्तर बोलावं लागेल. टीपीएच्या टेबलावरचे डॉक्टर बरेचदा तरुण असतात, समोर फायलींचा ढीग असतो आणि यातल्या किती जणांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली असेल, शंकाच आहे. त्यांच्यावर राग नाही.

आपल्याकडे गाठ उशिरा दाखवली जाते. ती मोठी झालेली असली, किंवा एकाच स्तनात दोन-तीन ठिकाणी असली, की नुसती गाठ काढून स्तन वाचवणं दर वेळी जमत नाही. मग एमआरएम करतात. स्तन जातो, काखेतल्या गाठी जातात. राहतो एक लांब आडवा व्रण आणि त्याच्याखाली लगेच हाताला लागणाऱ्या बरगड्या. बाहेरून लावायचा पॅड मिळतो. सिलिकॉनचा असेल तर वजनाला बरा असतो, पण सांगलीच्या एप्रिलमध्ये त्याच्याखाली घाम साचून कातडी सोलवटते. कापसाचा असेल तर हलका, त्यामुळे तो वर चढतो. एसटीत वरचा दांडा धरायला हात उचलला की पॅड गळ्याकडे सरकतो, आणि मग सगळ्यांच्या देखत पदर सावरल्याचं नाटक करून तो खाली ओढायचा. खेड्यातल्या बायका रुमाल, जुन्या सुती साडीचा तुकडा ब्लाऊजमध्ये कोंबतात. एका बाजूचं वजन नाहीसं झाल्यानं मान आणि खांदा दुखतो, ही तक्रार तर आमच्या केमोच्या रांगेत नेहमीची.

पुनर्रचनेच्या वाटा ढोबळमानानं दोन. एक, सिलिकॉनचं इम्प्लांट. त्यासाठी कातडी कमी पडत असेल तर आधी एक्सपांडर नावाची रिकामी पिशवी आत बसवतात, त्यात थोड्या थोड्या दिवसांनी सलाइन भरत कातडी ताणतात, आणि मग पुन्हा ऑपरेशन करून इम्प्लांट घालतात. म्हणजे इथे मुळातच दोन भरती, दोन बिलं. दुसऱ्या भरतीला ‘आधीचीच शस्त्रक्रिया पुन्हा कशी?’ अशी क्वेरी येते, ती याच अज्ञानातून.

दुसरी वाट स्वतःच्या शरीरातलं मांस-कातडी वापरायची. पाठीचा रुंद स्नायू काखेखालून पुढे वळवून आणता येतो. त्याचं रक्ताचं मूळ काखेत जोडलेलंच ठेवतात, त्यामुळे तो जिवंत राहतो. इटलीतल्या इजिनिओ तान्सिनी यांनी हे १९०६ सालीच वर्णन केलं होतं. किंवा ओटीपोटाची कातडी आणि चरबी घेतात. पूर्वी त्याबरोबर पोटाचा स्नायूही घ्यावा लागे. आता स्नायू जागेवर ठेवून त्यातून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेतात, त्याला डीआयईपी फ्लॅप म्हणतात. माझं हेच झालं. पोटाचा तुकडा पूर्ण सुटा होतो. मग बरगडीजवळच्या रक्तवाहिन्यांना तो मायक्रोस्कोपखाली जोडायचा. या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटरच्या आणि टाक्यांचा धागा केसाहून बारीक. सकाळी आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा दिवेलागण झाली होती, असं घरचे सांगतात.

त्यानंतरची रात्र या ऑपरेशनमध्ये सगळ्यात नाजूक. जोडलेल्या नळीत गुठळी झाली तर तुकडा मरतो आणि पुन्हा धावपळ करून थिएटरात न्यावं लागतं. म्हणून दर तासाला सिस्टर यायची. नव्या कातडीवर बोट दाबायची, सोडायची आणि पांढरा डाग परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायची. मग हाताच्या पाठीनं गरमपणा तपासायची. मग छोटा डॉपलर टेकवायची आणि त्यातून ‘शूं-शूं’ असा रक्ताचा आवाज आला की माझ्याकडे बघून मान हलवायची. खोलीतला एसी बंद, अंगावर पांघरूण, कारण गारठ्यानं वाहिन्या आकसतात. कंबरेत वाकूनच झोपायचं, पुढे काही दिवस वाकूनच चालायचं, कारण पोट शिवलेलं. या तासातासाच्या नोंदींचा तक्ता केसपेपरला होता. त्याची झेरॉक्स मी दाव्याला जोडली होती. ते पान कुणी उलटलं असतं तरी ‘कॉस्मेटिक’ हा शब्द लिहिताना पेन अडखळलं असतं. (पोटाला बांधायच्या पट्ट्याचे पैसे तुम्ही कापलेत, त्याबद्दल भांडत नाही. तो न देण्याच्या वस्तूंच्या यादीत खरोखरच आहे. यादी मीही वाचते.)

आता तुमचा प्रश्न: तेव्हाच का नाही केलं? कधीकधी तेव्हाच करतात. पण पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे आहेत असं दिसत असेल, तर अनेक सर्जन थांबायला सांगतात. रेडिएशननं कातडी घट्ट होते. इम्प्लांट आधीच बसवलेलं असेल तर त्याच्याभोवती कडक कवच धरून ते आवळलं जाण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी केमो, शेक पुरे करायचे, छातीची कातडी निवू द्यायची, आणि मग स्वतःच्या मांसानं पुनर्रचना करायची. हा क्रम वैद्यकशास्त्रानं घातलेला आहे. कित्येकींच्या बाबतीत तर आणखी साधं कारण असतं: जिल्ह्याच्या ठिकाणी कर्करोगाचा सर्जन असतो, मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडणारा प्लॅस्टिक सर्जन नसतो. त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते, आणि गाठ सापडल्याच्या आठवड्यात ते कुणाला सुचणार! जीव वाचवण्याची घाई असते.

पण मधे वर्ष-दोन वर्षं गेली, की तुमच्या संगणकात मी ‘कर्करोगमुक्त’ होते आणि नव्या पॉलिसी वर्षात भरती झालेली एक हौशी बाई ठरते. कलमात ‘कर्करोगानंतरची पुनर्रचना’ असं आहे. किती दिवसांत, असं कुठेही नाही. अपघातात जबडा मोडलेल्या माणसाचं तिसरं ऑपरेशन दोन वर्षांनी झालं तर तुम्ही त्याला मॉडेलिंग करायचंय असं म्हणत नाही.

इथे थोडं विषयांतर करते. प्लॅस्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांचे चोचले, अशी आपली समजूत झाली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात कावसजी नावाचा एक गाडीवान होता. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकायचा. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक कापलं होतं. पुण्याकडच्या कुंभार समाजातल्या एका जाणकारानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक केलं. कातडीचा देठ भुवयांच्या मधे जोडलेलाच ठेवला, म्हणजे रक्त चालू राहिलं. इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासकट छापून आली. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ साली लंडनमध्ये तसं नाक करून दाखवलं. पाठीचा स्नायू देठासकट पुढे आणतात त्यामागचं तत्त्व तेच, रक्ताचं मूळ तोडू नका. गेलेलं नाक परत हवं असं म्हणणाऱ्या गाडीवानाला पुण्यात कुणी ‘कशाला, श्वास तर घेता येतोय’ असं सुनावल्याची नोंद नाही.

मला मात्र सुनावलं गेलं. तुमच्या बाजूनं एका डॉक्टरांचा फोन आला होता. आवाज नम्र होता. म्हणाले, “मॅडम, या वयात याची गरज काय, एवढंच फाईलमध्ये लिहायचं आहे.” मी विचारलं, कुठल्या वयापर्यंत गरज असते? ते गप्प झाले. पॉलिसीत वयाची मर्यादा नाही. प्रीमियम घेताना वय वाढलं म्हणून हप्ता वाढवता, तेव्हा ‘या वयात विमा कशाला’ असं म्हणत नाही. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो; चाळिशी-पन्नाशीतल्या बायका रांगेत असतात. त्यांच्यापुढे निम्मं आयुष्य असतं. पण सत्तरीच्या बाईनं पुनर्रचना मागितली आणि तिची तब्येत झेपणारी असेल, तर तिलाही ‘का’ विचारायचा अधिकार टीपीएला नाही. तो प्रश्न तिचा, तिच्या सर्जनचा आणि भूलतज्ज्ञांचा.

आणि हो, प्रत्येकीला हे हवं असतं असं मुळीच नाही. माझ्या जाऊबाईंचंही तेच ऑपरेशन झालं. त्यांना पुनर्रचनेचं विचारलं तर म्हणाल्या, “एकदा कापलं तेवढं बास. मला परत टेबलावर झोपवू नका.” त्या पॅडही लावत नाहीत. खुशाल एका बाजूनं सपाट वावरतात, देवळात, लग्नात, सगळीकडे. नवी छाती झाली तरी तिथली संवेदना पूर्ण परत येत नाही, पोटावर कायमचा व्रण राहतो, गुंतागुंत झाली तर महिनोनमहिने ड्रेसिंग. हे सगळं ऐकून ‘नको’ म्हणणं शहाणपणाचंच असू शकतं. पण त्या ‘नको’ म्हणाल्या ते त्यांनी ठरवून. ज्या बाईला हवं होतं आणि दाव्याच्या भीतीनं तिनं नाद सोडला, तिचं ‘नको’ तुम्ही म्हटलेलं असतं.

अशी एक माझ्या माहितीत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कॅशलेस नाकारल्याचा मेसेज आला तो भरतीच्या आदल्या संध्याकाळी. रुग्णालयानं डिपॉझिट मागितलं, रक्कम लाखांत. सोसायटीचं कर्ज आधीच केमोसाठी काढलेलं. तिनं बॅग परत उघडून कपडे कपाटात ठेवले आणि तारीख रद्द केली. तुमच्या लेखी तो दावा ‘नाकारलेला’सुद्धा नसेल, ‘रुग्णानं उपचार घेतले नाहीत’ म्हणून बंद झाला असेल.

दुसऱ्या बाजूचं काय, हा वाद अजून मिटलेला नाही. एक स्तन नव्यानं घडवला की तो जुन्याच्या उंचीला, आकाराला तंतोतंत बसत नाही. म्हणून निरोगी बाजूला थोडी उचल देणं किंवा ती लहान करणं हा पुनर्रचनेचाच टप्पा असतो. त्यानंतर स्तनाग्र, आणि त्याभोवतीचा रंग गोंदवणं. ही दोन्ही कामं छोटी, बहुतेकदा जागेवर भूल देऊन होणारी. माझ्या सर्जननी पहिल्याच भेटीत कागदावर हे टप्पे लिहून दिले होते. तुमचं उत्तर आलं: ‘उजवा स्तन रोगग्रस्त नाही, सबब देय नाही.’ कलमात स्तनाची बाजू लिहिलेली नाही. पुनर्रचना असं लिहिलं आहे, आणि पुनर्रचना म्हणजे छाती पूर्ववत करणं. डावी-उजवी मिळूनच छाती होते.

अमेरिकेत हाच गोंधळ झाला होता. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या एका तरुण रुग्णाच्या पुनर्रचनेला विमा कंपनीनं ‘कॉस्मेटिक’ म्हणत नकार दिला. तिच्या सर्जननी ते प्रकरण सिनेटर अल्फान्स डी’अमाटो यांच्यापर्यंत नेलं आणि २१ ऑक्टोबर १९९८ रोजी त्यावर केंद्रीय कायदा झाला. स्तन काढण्याचा खर्च जी विमा योजना देते, तिनं पुनर्रचनेच्या सगळ्या टप्प्यांचा खर्च द्यायचा. दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी दुसऱ्या स्तनावर केलेल्या शस्त्रक्रियेचा द्यायचा. बाहेरून लावायच्या कृत्रिम स्तनाचा द्यायचा. आणि हाताला सूज येण्यासारख्या गुंतागुंतीच्या उपचारांचाही द्यायचा. अमेरिकेचा आरोग्य विमा काही गुण गावा असा नाही, तिथल्या बिलांच्या गोष्टी आपल्याकडच्या मुलांनी फोनवर सांगितलेल्या आहेतच. पण ही एक गोष्ट त्यांनी वाद संपवून टाकली. आपल्याकडे कलम आहे, त्याचं विवरण नाही, आणि त्या फटीत तुम्ही आमच्या फायली घालून ठेवता.

माझ्या पुनर्रचनेच्या पहिल्या दाव्याचं पुढे काय झालं तेही ऐका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लिहिलं. महिनाभर वाट पाहिली. मग विमा लोकपालांकडे गेले. आमच्या भागाचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फक्त कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. अर्जाला कलम आठची पूर्ण प्रत जोडली, उत्तरार्धाखाली पेन्सिलनं रेघ मारून. सुनावणीची तारीख लागली आणि तिच्याआधीच तुमच्याकडून गोड आवाजात फोन, “मॅडम, बँक खात्याचे डिटेल्स कन्फर्म करता का?” पैसे जमा. नाकारणं बरोबर होतं तर दिले कशाला? आणि चूक होतं तर ते लोकपालांची तारीख लागेपर्यंत कुणालाच कसं दिसलं नाही? मे २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार कुठलाही दावा समीक्षा समितीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते. मग तुमच्या समितीपुढे कलम जातं ते पूर्ण जातं की तेही अर्धविरामापर्यंतच?

जिला करारपत्रं वाचायची सवय नाही ती इथपर्यंत पोचतच नाही, आणि हे तुम्हाला माहीत नाही असं मी मानत नाही. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यातल्या किती जणींकडे खाजगी विमा असेल, किती जणी पुनर्रचना मागतील, हे गणित तुम्हीच मांडा. तुमच्याकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत. सरकारी योजनांचं इथे मुद्दाम काढत नाही. त्यांचं दुखणं निराळं आणि त्यासाठी पत्रही निराळं लागेल.

मागणी काय, ते एकदा सरळ लिहिते. स्तन काढण्याचा दावा मंजूर करताना, त्याच मंजुरीपत्रात लिहा की कर्करोगानंतरची पुनर्रचना, लगेच केलेली असो वा नंतरची, पॉलिसी चालू असेपर्यंत आणि विमा रकमेच्या मर्यादेत कलम आठच्या अपवादाखाली देय आहे. बाईला तेव्हाच कळू द्या. तिनं ते नंतर वापरलं नाही तर तुमचं काही जात नाही. पुनर्रचनेच्या प्रकरणात जिवाच्या धोक्याची क्वेरी पाठवायची नाही, फोटो मागायचे नाहीत. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि सर्जनचं प्रमाणपत्र पुरेसं धरायचं. सर्जननी सुरुवातीला टप्प्यांचा आराखडा दिला असेल, तर दुसऱ्या बाजूची उचल, स्तनाग्र आणि एक्सपांडरनंतरचं इम्प्लांट हे त्याच उपचाराचे भाग समजायचे, दर वेळी नवी चौकशी लावायची नाही. कॅशलेसची विनंती आल्यावर तासाभरात निर्णय द्यायचा नियम आहेच. तो पाळा, म्हणजे कुणाला भरलेली बॅग रिकामी करावी लागणार नाही. आणि नकाराच्या पत्रात कलम छापायचं तर शेवटच्या पूर्णविरामापर्यंत छापा.

यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. तुमच्या दावे विभागाच्या प्रमुखानं आतल्या आत एक पानी सूचना काढली तरी भागतं.

माझ्या उजव्या बाजूचा दावा अजून तुमच्याकडे पडून आहे. सर्जनचा टप्प्यांचा कागद, पहिल्या दाव्याचं मंजुरीपत्र आणि कलम आठ अशा तिन्ही प्रती तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पोस्टानं पाठवल्या आहेत, पोचपावती आली आहे. महिना भरला की नारायण पेठेतला अर्ज तयार आहे.

कळावे,

आपली,
एक पॉलिसीधारक,
सांगली